आधी काच बघ!

"मराठी विभागाला या वर्षी लेख कमी पडतायत, काहीतरी दे ना!" असं म्हणत संपादक मंडळातल्या मैत्रिणीने मला कँटीनमध्ये गाठलं, तेव्हा मी आधी हसलेच. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. शाळेत मराठी म्हणजे शेवटच्या तासाचा विषय. अजूनही कोणी 'एकोणसत्तर' म्हटलं की माझ्या डोक्यात आधी सेव्हन्टी येतो आणि मग त्यातून एक वजा होतो. पण एक गोष्ट गेले वर्षभर सांगायची राहिली आहे. ती ज्यांच्याबद्दल आहे ते माझे आजोबा इंग्रजी लेख वाचणार नाहीत. म्हणून मराठीत लिहितेय. शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात!

विषय अगदी साधा आहे. खिशात मावणारा साधा डिजिटल कॅमेरा घेताना त्याची लेन्स का बघायची? तुम्ही म्हणाल, यात काय लिहिण्यासारखं आहे? मलाही तसंच वाटायचं. माझ्या लॅपटॉपवर 'वाडा' नावाचा एक फोल्डर आहे. त्यात २१२ फोटो आहेत. हे सगळं मला तो फोल्डर शिकवून गेला.

आजोबा नारायण पेठेतल्या एका वाड्यात भाडेकरू होते. पन्नासहून जास्त वर्षं. आई-बाबा आणि मी कोथरूडला फ्लॅटमध्ये, पण माझी प्रत्येक मे महिन्याची सुट्टी आणि प्रत्येक गणपती त्या वाड्यात गेला. लाकडी जिना, प्रत्येक पायरीचा वेगळा आवाज, चौकात तुळशीवृंदावन, दरवाज्यावर कोरीव गणेशपट्टी. वाडा फार मोठा नव्हता आणि त्यात इतिहासातलं कोणी राहून गेलेलं नव्हतं. पेठेतल्या अशा कितीतरी वाड्यांसारखाच तोही शेवटी बिल्डरकडे गेला. ७ सप्टेंबर २०२४ ला बसलेला गणपती वाड्याचा शेवटचा, असं ठरलं.

आजोबांनी मला सांगितलं, "यंदा सगळ्याचे फोटो काढ. नीट काढ. कॅमेऱ्याने काढ."

'कॅमेऱ्याने काढ' याचं कारण होतं. आजोबांकडे आग्फा क्लिक थ्री होता. आमच्या पिढीने तो पाहिला नसेल म्हणून सांगते. बडोद्याला बनायचा, एक काळा डबा, पुढे एकच छोटं भिंग, एकाच वेगाचं शटर. एका रोलमध्ये चौकोनी बारा फोटो. पिंपरीला कंपनीत टूलरूममध्ये नोकरी लागल्यावर आजोबांनी तो घेतला. १९६८ साली वाड्याच्या चौकात काढलेला आजीचा फोटो अजून आमच्याकडे आहे. नवीन लग्न झालेली आजी तुळशीपाशी उभी आहे, आणि तिच्या मागे खांबावर टांगलेली 'पाणी जपून वापरा' ही पाटी स्पष्ट वाचता येते. छप्पन्न वर्षांपूर्वीच्या डब्याला जे जमलं ते माझ्या नव्या कॅमेऱ्याला सहज जमेल, हे मी गृहीतच धरलं.

माझ्या मोबाईलच्या कॅमेऱ्यावरची काच तेव्हा तडकलेली होती. शिवाय कॉलेजमध्ये छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांची फॅशन परत आलेली. प्रत्येक गॅदरिंगला कोणाच्या तरी मनगटात एक लटकलेला. मग मी दहावीच्या दोन मुलींच्या शिकवणीचे पैसे एकत्र केले आणि ऑनलाइन एक कॅमेरा मागवला. खोक्यावर मोठ्या अक्षरात ४८ मेगापिक्सेल! १६ एक्स झूम! खाली कुठेतरी 'एचडी लेन्स' असंही छापलेलं होतं. मी खूश. आग्फा क्लिक थ्रीच्या खोक्यावर असलं काहीच छापलेलं नसणार.

आजोबांनी कॅमेरा हातात घेतला, खिडकीपाशी नेला आणि पुढचं भिंग बघत राहिले. तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, म्हणजे दिसत काहीच नसणार. पण टूलरूममधल्या माणसाची सवय! म्हणाले, "याच्या काचेवर आकडे नाहीत गं."

"आजोबा, आकडे खोक्यावर आहेत. फॉर्टी एट!"

"ते झाले आतल्या यंत्राचे. आधी काच बघ."

मी मनात म्हटलं, आजोबा जुन्या जमान्यातले आहेत. (हे वाक्य मी आता कोणाच्याच बाबतीत मनात म्हणत नाही.)

वाड्याच्या दिंडी दरवाज्याशेजारी जोत्यात एक काळा दगड बसवलेला होता. त्यावर पिढ्यान्‌पिढ्या चुना आणि नंतर ऑइलपेंट बसलेला. गौरींच्या दिवशी आजोबांनी बसून तो खरवडला. तारेचा ब्रश, पाणी, परत ब्रश. दोन ओळी वर आल्या. वरची ओळ होती 'शके १७९८'. मी मनातल्या मनात अठ्ठ्याण्णव म्हणजे नाइन्टी एट असं करून त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले. म्हणजे १८७६. खालची ओळ उथळ कोरलेली आणि झिजलेली. नाव होतं, बहुतेक बांधणाऱ्या गवंड्याचं. पहिलं अक्षर 'म' असावं. पुढे चार-पाच अक्षरं. संध्याकाळची वेळ, आरतीची घाई, आजोबांना दिसत नव्हतं आणि मला त्या वळणाचं लिहिलेलं वाचता येत नव्हतं. मी म्हटलं, "आजोबा, फोटो काढून ठेवते. घरी लॅपटॉपवर मोठा करून सावकाश वाचू."

दगडाचे नऊ फोटो काढले. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर सगळे छान दिसले.

लॅपटॉपवर मात्र एकही अक्षर लागेना. झूम करत गेलं की दगड कापसासारखा मऊ व्हायचा. मग मी बाकीचे फोटो नीट बघायला लागले. मधला भाग बरा, कोपऱ्यांत सगळं विरघळलेलं. गणेशपट्टीची सरळ रेघ मध्ये फुगलेली, जणू वाड्याने श्वास रोखून धरलाय. चौकातून वर बघून काढलेल्या फोटोत आंब्याच्या प्रत्येक पानाला जांभळी किनार. आरतीच्या फोटोत निरांजनाच्या ज्योतीभोवती एवढं मोठं पांढरं धुकं की मागची मूर्ती फिकट झालेली. मला वाटलं माझा हात हलला असेल. पण हात २१२ वेळा हलत नाही.

वाटलं, परत जाऊन काढू. एफ.ई.च्या सवयीप्रमाणे, सबमिशन पुढच्या आठवड्यात! पण आम्हाला सांगितलेल्या तारखेच्या आधीच काम सुरू झालं. जानेवारी २०२५ मध्ये एका सकाळी आजोबा जुन्या शेजाऱ्यांना भेटायला म्हणून गेले तेव्हा जोतं उखडलेलं होतं. दगड राडारोड्याबरोबर गेला. कुठे, ते कोणालाच सांगता आलं नाही.

त्यानंतर मी जे वाचलं, मोजलं आणि आमच्या फिजिक्स लॅबच्या सरांचं डोकं खाऊन समजून घेतलं, ते इथे लिहिते.

पहिली गोष्ट मेगापिक्सेलची. माझ्या कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं सापडलं की आतला सेन्सर खरा ८ मेगापिक्सेलचा. उरलेले ४० मेगापिक्सेल इंटरपोलेशनने. एम-थ्रीमध्ये आपण सगळ्यांनी लॅग्रांजचं इंटरपोलेशन केलंय. दोन माहीत असलेल्या बिंदूंच्या मध्ये काय असेल याचा अंदाज. पेपरात त्याला मार्क मिळतात, पण दगडावरचं अक्षर अंदाजाने उमटत नाही. आणि १६ एक्स झूम? तो डिजिटल. म्हणजे लेन्स जागची हलत नाही, फक्त मधला तुकडा कापून ताणला जातो. लांबी एक सोळांश, रुंदी एक सोळांश, म्हणजे क्षेत्रफळ १/२५६. ते ४८ मेगापिक्सेल खरे धरले तरी हातात दोन लाख पिक्सेलसुद्धा उरत नाहीत.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आजोबांच्या डब्याला एक साधं भिंग पुरलं, मग मला का नाही पुरलं? उत्तर फिल्मच्या आकारात आहे. क्लिक थ्रीची निगेटिव्ह साधारण ५६ मिलिमीटर रुंद. त्यावरून १५ सेंटिमीटरचा फोटो करायचा तर चित्र तीन पटसुद्धा मोठं करावं लागत नाही. खिशातल्या डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर असतो साधारण ६ मिलिमीटर रुंद, म्हणजे करंगळीच्या नखाहून लहान. तोच १५ सेंटिमीटरचा फोटो करायला चित्र २५ पट मोठं करावं लागतं. लॅपटॉपच्या पडद्यावर तर ५० पट. लेन्सने सेन्सरवर जी काही चूक केली, तीही तितक्याच पटीने मोठी होऊन आपल्यासमोर येते. म्हणजे कॅमेरा जितका छोटा, तितकी लेन्स जास्त काटेकोर हवी. आपण नेमकं उलटं समजतो. 'साधाच तर कॅमेरा आहे, लेन्स काय बघायची!'

आता थोडं गणित, ज्यांना नको त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा. (तसे तुम्ही एफ.ई.ला फिजिक्सही सोडलंच होतं.)

लेन्स कितीही निर्दोष असली तरी प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर बिंदू म्हणून पडत नाही. डिफ्रॅक्शनमुळे त्याचा बारीकसा ठिपका होतो. त्याचा व्यास २.४४ गुणिले प्रकाशाची तरंगलांबी गुणिले एफ-नंबर. हिरवट प्रकाशासाठी तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरा आणि एफ-नंबर २.८, तर ठिपका येतो जवळजवळ ३.८ मायक्रॉनचा. ६ मिलिमीटरच्या सेन्सरवर खरोखर ४८ मेगापिक्सेल बसवले तर एक पिक्सेल होतो पाऊण मायक्रॉनचा. म्हणजे एकच ठिपका पाच-पाच पिक्सेल व्यापून बसणार. आणि हे सर्वोत्तम लेन्सचं. स्वस्त प्लास्टिकच्या भिंगाचा ठिपका त्याहून कितीतरी पसरट. तांदूळ मोजायला चिमटा हवा असताना मी पाटी-घमेलं घेऊन बसले होते, आणि घमेली किती आहेत ते अभिमानाने मोजत होते.

जांभळी किनार कुठून आली? काच सगळ्या रंगांना सारखं वाकवत नाही. निळा जास्त वाकतो, लाल कमी, त्यामुळे सगळे रंग एका जागी येत नाहीत. हे सुधारायला वेगवेगळ्या काचेची भिंगं जोडीने वापरावी लागतात. म्हणून चांगल्या लेन्समध्ये एकामागे एक पाच-सात भिंगं असतात. पण भिंगं वाढली की दुसरा प्रश्न. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण चार टक्के प्रकाश परत फिरतो. पाच सुटी भिंगं म्हणजे दहा पृष्ठभाग. ०.९६ चा दहावा घात कॅलक्युलेटरवर करून बघा, ०.६६ येतो. एक तृतीयांश प्रकाश वाटेतच गेला, आणि तो नुसता जात नाही, आत इकडेतिकडे आपटत फोटोवर धुकं पसरवतो. ते निरांजनाचं धुकं! यावर उपाय म्हणजे भिंगावर अतिशय पातळ थराचं कोटिंग. त्याने परावर्तन पृष्ठभागामागे अर्ध्या टक्क्यावर आलं, तर दहा पृष्ठभागांनंतरही ९५ टक्के प्रकाश पोचतो. चांगली लेन्स तिरकी धरली की जांभळट-हिरवट चमकते, ती याचमुळे. न्यूटन्स रिंग्जच्या प्रॅक्टिकलला आपण जे रंग बघितले आणि रीडिंग मात्र मागच्या बॅचच्या जर्नलमधून घेतली, तीच ही भानगड.

आणि दगड का नाही आला? त्या कॅमेऱ्यात फोकसच नव्हता. भिंग एका जागी चिकटवलेलं, साधारण दीड मीटरच्या पुढचं बरं दिसावं म्हणून. अक्षरं मोठी यावीत म्हणून मी वीतभर अंतरावर गेले, आणि जितकी जवळ गेले तितकं ते नाव पुसत गेले.

"पण सॉफ्टवेअरने सुधारता येतं की!" असं आमच्या बॅचचा प्रत्येक कॉम्प्युटरवाला म्हणतो. खरं आहे, काही गोष्टी येतात. फुगलेली रेघ सरळ करता येते, काळवंडलेले कोपरे उजळता येतात. आजचे चांगले मोबाईल हे करतातच, आणि त्यांची छोटी भिंगंही उत्तम असतात. तुमच्याकडे तसा मोबाईल असेल तर भलत्या कॅमेऱ्याच्या नादी लागूच नका. पण जो तपशील लेन्समधून आत आलाच नाही, तो कुठून आणणार? हबल दुर्बिणीचं उदाहरण घ्या. तिच्यात लेन्सच्या जागी २.४ मीटरचा आरसा. एप्रिल १९९० मध्ये ती अवकाशात गेली आणि चित्रं आली पुसट. आरशाची कड जेमतेम २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासली गेली होती, केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी! कॉम्प्युटरने चित्रं थोडीफार सुधारून पाहिली, काम चालवलं. पण शेवटी डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांना वर जाऊन दुरुस्त करणारे आरसे बसवावे लागले. नासालासुद्धा आधी काचच बघावी लागली!

आपल्या पुण्यात तर हे नव्याने सांगायची गरज नाही. इथे १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, विद्यापीठाच्या आवारात आयुका आहे, आणि हाताने आरसा घासून दुर्बीण बनवणारे हौशी लोक इथे पूर्वीपासून आहेत. आमच्या एका सीनियरने सहा इंची आरसा घासला होता. कार्बोरंडमची पूड, पाणी, दोन काचा एकमेकींवर, आणि आठवडेच्या आठवडे. 'आता झाला' असं वाटलं की परत तपासायचा, परत घासायचा. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या काही हिश्श्यापर्यंत पृष्ठभाग बरोबर यावा लागतो. त्याला मी विचारलं होतं, कंटाळा नाही का येत? म्हणाला, "बाकीची सगळी दुर्बीण एका रविवारी होते. पाइप, स्टँड, स्क्रू. वेळ फक्त आरशालाच लागतो." तेव्हा मला ते कळलं नव्हतं.

तर, दुसरा कॅमेरा. या वेळी आजोबांना बरोबर घेऊन गेले. लक्ष्मी रोडच्या मागच्या एका गल्लीत जुने कॅमेरे दुरुस्त करून विकणारं छोटं दुकान आहे. काकांनी काउंटरवर सात-आठ कॅमेरे मांडले आणि मेगापिक्सेल सांगायला सुरुवात केली. आजोबा म्हणाले, "अहो, ते राहू द्या. काचेवर काय लिहिलंय ते पोरीला वाचू द्या."

एका कॅननवर लेन्सभोवती लिहिलेलं होतं ७.३ ते २९.२ मिलिमीटर, १:२.८ ते ४.१. हे वाचायला शिकलात की अर्धं काम झालं. पहिली जोडी फोकल लेंग्थची. २९.२ भागिले ७.३ म्हणजे ४, म्हणजे खरा, भिंग हलवून होणारा ४ एक्स झूम. दुसरी जोडी एफ-नंबर. तो जितका लहान तितका प्रकाश आत येतो जास्त. लांबच्या टोकाला अनेक छोट्या कॅमेऱ्यांचा आकडा ५.९ पर्यंत जातो. इथे ४.१. या दोघांच्या गुणोत्तराचा वर्ग करा, दुप्पट प्रकाश! तो होता पॉवरशॉट ए६२०, २००५ सालचा, म्हणजे माझ्याच वयाचा. फक्त ७.१ मेगापिक्सेल. पण सेन्सर त्यातल्या त्यात मोठा, ७ मिलिमीटरच्या जरासा वर, त्यामुळे एकेक पिक्सेल २.३ मायक्रॉनचा. ठिपका आणि पिक्सेल यांचं प्रमाण कसं माणसांत आलेलं!

पण नुसत्या आकड्यांवर विसंबायचं नाही, हे आजोबांचं दुसरं सूत्र. "ड्रॉइंग बरोबर असलं म्हणून जॉब बरोबर नसतो. मोजून घे." म्हणून आम्ही दुकानातच चार चाचण्या केल्या. तुम्हीही करा, फुकट आहेत.

भिंतीवर कालनिर्णय होतंच. समोर सरळ उभं राहून ते पूर्ण फ्रेमभर घ्यायचं, झूम न करता. मग फोटो मोठा करून मधली तारीख आणि चारी कोपऱ्यांतल्या तारखा वाचायच्या. कोपरे वाचता आले पाहिजेत, आणि चौकटीच्या रेघा फार वाकलेल्या दिसता कामा नयेत. एकच कोपरा मऊ आणि बाकीचे ठीक असले तर आतलं भिंग तिरकं झालंय, तो कॅमेरा ठेवून द्यायचा. दुसरी, दुकानाबाहेर येऊन आकाशाकडे बघून विजेच्या वायरी टिपायच्या. पेठेत त्यांना काय तोटा! काळ्या वायरीला जांभळी कड किती येते ते बघायचं. थोडी येणारच, ए६२० लाही आली. तिसरी, फ्रेमच्या कोपऱ्यात ट्यूबलाइट ठेवून फोटो, धुकं किती पसरतं ते कळतं. चौथी खास पुण्याच्या पावसाळ्यासाठी. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून लेन्सच्या आत बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. ओल्या हवेत, चामड्याच्या बंद केसमध्ये वर्षानुवर्षं पडलेल्या कॅमेऱ्यांत ती हमखास होते. मग कितीही नावाजलेली लेन्स असली तरी नको. साधा कॅमेरा घेताना हे सगळं जास्तच महत्त्वाचं, कारण याची लेन्स बदलता येत नाही. बॅटरी बदलाल, कार्ड बदलाल. डोळा एकदा जो मिळाला तो मिळाला.

कार्डावरून आठवलं. ए६२० ला जुनं, २ जीबीपर्यंतचं एसडी कार्ड लागतं. ते शोधायला अख्खी तपकीर गल्ली पालथी घातली! सेल मात्र साधे, भिंतीवरच्या घड्याळात लागतात तसलेच, चार. सगळं मिळून त्या ४८ मेगापिक्सेलवाल्यापेक्षा कमी पैशांत झालं.

मागच्या वर्षी जूनमध्ये आजोबांनी शेवटी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. दोन वर्षं टाळत होते. डॉक्टरांनी लेन्सचे प्रकार सांगितले, एक लांबचं स्वच्छ दाखवणारी, एक लांब-जवळ दोन्हीचं थोडंथोडं. बाबा किमती विचारत होते. आजोबांनी प्रश्न विचारला, "रात्री दिव्याभोवती वलय कुठल्याने कमी दिसेल?" आणि पहिली घेतली. मला हसू आलं आणि रडूही. माणसाच्या डोळ्यात बसवायची लेन्स प्रथम १९४९ साली लंडनमध्ये हॅरल्ड रिडली यांनी बसवली. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या खिडकीच्या पारदर्शक प्लास्टिकचे कण गेले होते आणि डोळ्याने ते सहन केले, हे त्यांनी पाहिलं होतं. डोळ्याचा पडदा शाबूत, नसा शाबूत, मेंदू तल्लख. फक्त पुढची काच गढूळ. पट्टी काढल्यावर आजोबा स्वतःच्या सदऱ्याकडे बघून म्हणाले, "हा पांढरा आहे होय! मला वाटत होतं आईने निळीत घालायचा सोडला."

आठवड्याने त्यांनी स्वतःहून लॅपटॉप मागितला. "तो दगड काढ."

मी नऊच्या नऊ फोटो दाखवले. मला आशा होती. त्यांच्या नव्या डोळ्याला काहीतरी दिसेल असं खरंच वाटत होतं. त्यांनी एकेक फोटो बराच वेळ बघितला.

मी म्हटलं, "पहिलं 'म' धरलं तर 'महादू' होऊ शकतं. किंवा 'मल्हारी'. अक्षरांची संख्या जुळते."

"नको," आजोबा म्हणाले. "त्या माणसाने नाव कोरलं होतं. आपण अंदाजाने दुसऱ्याचं लिहायचं नाही."

त्यांनी लॅपटॉप मिटला. रागावले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. आमच्याकडे आता 'शके १७९८' आहे, आणि त्याच्याखाली एक मऊ राखाडी पट्टा.

तेव्हापासून महिन्यातून दोन रविवार आम्ही सकाळी सात वाजता पेठांत जातो. ऊन तिरकं असतं, उथळ अक्षरांत सावली उभी राहते. मी ए६२० घेऊन दगडासमोर उकिडवी बसते, फोकस होईपर्यंत थांबते, कोपरे तपासते. आजोबा मागे उभे राहून सायकलवाल्यांना बाजूने जायला सांगतात. जोत्यावरचे, दरवाज्यावरचे, विहिरीच्या काठावरचे, असे एकोणतीस दगड झाले आहेत. (हो, एकोणतीस. ट्वेंटी नाइन. आता वजाबाकी करावी लागत नाही.) गेल्या खेपेला सदाशिव पेठेत एका पडक्या वाड्याचा दगड सापडला, दोन ओळींचा. घरी आल्यावर फोटो पडद्यावर मोठा केला आणि आजोबांनी चष्म्याशिवाय खालची ओळ वाचली. पूर्ण नाव, गावासकट. मी वहीत लिहून घेतलं.

"पुढच्या वेळी शनिवार पेठ," ते म्हणाले. "आणि सेल चार्ज करून ठेव."